भिंतीपलीकडची गिरणी

"उन्हं दारात आली, तरी अजून सुरू नाही. काल तरी यावेळेला घरघरत होती."

भिंतीतून जाऊबाईंचा आवाज आला. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, पातेल्याशी बोलत होत्या. भांडी घासताना बोलायची त्यांची जुनी सवय. भांडं उलट उत्तर देत नाही, म्हणून त्यांचं आणि भांड्यांचं बरं जमायचं. पण मधली भिंत एका विटेची. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी निम्म्या-निम्म्या खर्चात बांधलेली, आणि निम्म्या खर्चाच्या कामात जो तो हात आखडता घेतो, तशी ती झाली होती. या घरात कुणी कूस बदलली तरी त्या घरात कळायचं.

धाकटीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. ते तसंच सोडून ती मागच्या दाराने बाहेर आली.

मागे पत्र्याचं छप्पर होतं. पूर्वी तिथे म्हैस बांधलेली असायची, आता गिरणी होती. तिचा नवरा पोत्यावर फतकल मारून बसला होता. मांड्यांमध्ये गिरणीचा एक दगड आडवा घेतलेला, एका हातात टाकी, दुसऱ्यात हातोडी. दगडावरच्या बुजलेल्या खाचा तो पुन्हा खोल करत होता. त्याच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पांढरं. गावातल्या जुन्या गिरणीत तो वर्षानुवर्षं दुसऱ्याचं दळत होता, तेव्हापासून लोक त्याला पिठ्या म्हणायचे. आंघोळ करून लग्नाला गेला तरी पिठ्याच. फक्त हल्ली त्याच्या अंगावरचा पांढरा रंग पिठाचा नव्हता, दगडाच्या भुकटीचा होता. पीठ झटकलं की उडतं. ही भुकटी घामाबरोबर चिकटून बसायची.

"ऐकलं का?" धाकटी म्हणाली.

"बहिरा नाही मी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग यायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो.

त्याने दगड उचलला. तिने दुसऱ्या बाजूने हात दिला. दगड चढवताना दरवेळी तिचा श्वास पोटात अडकायचा आणि उजव्या मनगटात कळ यायची, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दगड बसला. त्याने पट्टा चढवला, बटण दाबलं. मोटार गुणगुणायला लागली. मग त्याने आवळायचं चक्र हळूहळू फिरवलं. दोन दगड एकमेकांजवळ आले आणि गुणगुणीची घरघर झाली, जड, पोटातून आल्यासारखी. पत्र्याला हादरे बसू लागले.

धाकटीने दाणे टाकायच्या वरच्या तोंडात डोकावून पाहिलं. बघायची गरज नव्हती, पण मान आपोआप वर जायची. आत दाणा नव्हता. तळाचा पत्रा लख्ख दिसत होता.

भिंतीपलीकडे पातेल्यावर पुन्हा राख फिरायला लागली. तिकडे समाधान झालं होतं.

हे असं का, ते समजायला शिपायाकडे यावं लागतं. शिपाई म्हणजे पिठ्याचा थोरला भाऊ, धाकटीचे भाऊजी. ते शाळेत शिपाई होते. खाकी कपडे, स्वतः इस्त्री केलेले, आणि हातात लाकडी हातोडा. घंटा देणं हे त्यांचं मुख्य काम. आवाज वेळेवर झाला की जग ठीक चाललंय, अशी त्यांची समजूत. तासाच्या घंटेला कधी मिनिटाचा उशीर झाला तर दिवसभर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

पिठ्याने स्वतःची गिरणी घालायचं मनात घेतलं तेव्हा पैशाची पेढी म्हणाली, यंत्राच्या किमतीतला मोठा भाग आम्ही देऊ, उरलेला तुम्ही घाला, आणि एक पगारदार जामीन आणा. उरलेला भाग म्हणजे म्हैस. ती गेली. पगारदार म्हणून साऱ्या गोतावळ्यात एकच माणूस होता. भाऊजी त्या दिवशी कडक इस्त्रीत पेढीत गेले होते. तिथल्या कारकुनाने पेन पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही, खिशातलं स्वतःचं काढलं. निवृत्तीला किती वर्षं राहिली, असं कारकुनाने विचारलं तर म्हणाले, घंटा अजून नीट वाजते. सही त्यांनी इतकी सावकाश केली की मागे उभा असलेला माणूस दोनदा खाकरला.

बायकोला मात्र विचारलं नाही. जाऊबाईंना ते सही झाल्यावर कळलं. तेव्हापासून घासलेली भांडी जास्तच लखलखीत निघायला लागली होती.

यंत्र विकणाऱ्याने पिठ्याला आणखी वरच्या ताकदीची मोटार घ्यायला लावली. म्हणाला, कर्ज काढायचंच आहे तर हात आखडून कशाला, लहान घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा याल. पिठ्याला ते पटलं. जुन्या गिरणीत त्याच्या हातचं दळण घ्यायला बायका रांगेत थांबायच्या. त्याने पीठ चिमटीत धरून दगड सैल-घट्ट करावा आणि पीठ कसं मऊ, उबदार पडावं. त्याला वाटलं, आपण निघालो की रांगही मागोमाग निघेल. पेढीचा माणूस आला, नवराबायकोला यंत्राच्या दोन बाजूंना उभं करून त्याने फोटो काढला आणि मोटारीवर लाल रंगाने पेढीचं नाव लिहून गेला. धाकटी तेव्हा गमतीने म्हणाली होती, म्हशीच्या पाठीवर तरी कुणाचं नाव नव्हतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. रांग आली नाही, पण माणसं आली. भाऊजी रोज संध्याकाळी शाळेतून येताना डोकावायचे, तेलाच्या उपड्या डब्यावर बसायचे. एकदा ते म्हणाले, "आमच्या बाजूनं भिंतीला हात लावला ना, तरी कळतं चालू आहे म्हणून. बरं वाटतं."

एवढंच म्हणाले. साधं वाक्य होतं. पण काही वाक्यं घरात येतात ती पाहुण्यासारखी परत जात नाहीत, खाट धरून बसतात.

मग हंगाम आला तो हात हलवत. गहू पोटरीत असताना आभाळ कोरडं, आणि कापणीला आला तेव्हा पावसाने झोडपला. उभं पीक काळं पडलं. ज्यांच्या घरी वर्षाचं धान्य यायचं त्यांच्या घरी जेमतेम बियाण्याचं आलं. दळायला आणायचं काय? लोक दुकानातून पिठाच्या पिशव्या आणायला लागले, रोजच्या रोज, लागेल तेवढ्या. जे थोडं दळण होतं ते जुन्या गिरणीच्या वाटेने जायचं, कारण पायांना ती वाट पाठ होती. पिठ्याला हे कळायला वेळ लागला. लोक त्याच्या हाताला नाही, वाटेला सरावले होते.

पहिल्यांदा पूर्ण दिवस दळण आलं नाही त्या दिवशी गिरणी बंदच राहिली. संध्याकाळी भाऊजी आले, डब्यावर बसले नाहीत. उभ्या उभ्या विचारलं, वीज गेली होती का? थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. जाताना वळून पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई तव्याला सांगत होत्या की काल पान तसंच सारलं, पाणी पिऊन झोपले.

ते ऐकून पिठ्या उठला आणि त्याने मोकळी गिरणी सुरू केली. थोडाच वेळ, असं म्हणाला. नुसती भिंतीसाठी.

तेव्हा त्याने दगड सैल ठेवले होते. दाणा नसताना दगडाला दगड लागू द्यायचा नाही, हे त्याला झोपेतही माहीत होतं. जुन्या गिरणीचा मालक त्यासाठी त्याच्या अंगावर खेकसायचा. पण सैल दगडांचा आवाज बारीक येतो, डासासारखा. संध्याकाळी भाऊजी डब्यावर बसले, मान कलती करून म्हणाले, "आज आवाज बारीक वाटला रे. पट्टा घसरतोय का?"

पिठ्या म्हणाला, बघतो.

आणि दुसऱ्या दिवशी त्याने चक्र आवळलं.

धाकटी तेव्हा दारात उभी होती. दगड दगडावर चढताना जो वास आला तो तिला आधी ओळखू येईना. पावसाळ्यात वीज पडलेल्या झाडाजवळून जाताना येतो तसा, जळका, कोरडा. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो चक्राकडे बघत राहिला.   पुष्कळ गोष्टी घरात अशाच ठरतात, दोघं गप्प बसले की ठराव मंजूर.

तिथून रोजचं झालं. सकाळी घरघर, उन्हं कलल्यावर घरघर, भाऊजी यायच्या वेळेला हमखास घरघर. विजेच्या मीटरला भरलेलं कोणतं आणि मोकळं कोणतं ते कळत नाही, त्याची चकती आपली फिरत होती. दगडांच्या खाचा भराभर बुजायच्या. मग सकाळी लवकर उठून पिठ्या त्या टाकीने उघडायचा. म्हणजे दगड दोन्हीकडून झिजत होता, चालवून एकदा आणि दुरुस्त करून एकदा. त्याच्या डोळ्यांत कण जायचे. धाकटी ओल्या पदराच्या टोकाने ते काढायची. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती पापणी उलटवायची तेव्हा तो लहान मुलासारखा पाय ताठ करायचा.

"आंधळं दळतंय म्हणतात, ते असंच होत असेल," ती एकदा म्हणाली.

"कुत्रं तरी पीठ खातं त्यातलं," तो म्हणाला. "इथं कुत्र्यालाही काही नाही."

दोघांना हसू आलं. हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

सकाळी दगड चढवून झाला की धाकटी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. जेवणवेळेला परतायची. मग डोक्यावर डबा घेऊन घरोघर फिरायची. दळण असेल तर द्या, मी नेते, मीच आणून देते, तुम्हाला चालायचा त्रास नको. हे तिने स्वतः काढलं होतं. लोकांचे पाय या वाटेला येत नाहीत, तर आपले न्यावे. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी मान दुखली, आणि मान दुखायला लागली की लाजेचं तेवढं राहत नाही. गहू आणताना डबा जड, पीठ पोचवताना तेवढाच जड, पण पिठाची ऊब कवटीतून खाली उतरायची. थंडीच्या दिवसांत तेवढंच सुख.

काही घरं लागली होती. एक शिवणकाम करणारी बाई होती, ती तर हाक मारून द्यायची. त्या दिवशी धाकटी तिच्या दारात गेली तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून उशीला टोचत ती म्हणाली, या खेपेला राहू दे गं, जुन्या गिरणीत टाकते, ती मला जवळ पडते.

जुनी गिरणी तिच्या घरापासून दुप्पट लांब होती. दोघींना ते माहीत होतं. धाकटी म्हणाली, हो ना, उन्हाचं कशाला. शिवणारणीने मान खाली घातली, मशीनच्या चाकावर हात ठेवला, आणि मग उगाच तिला पाणी दिलं, वर गूळ दिला. नाही म्हणायचं असतं तिथे माणसं गूळ देतात.

परत येताना आणखी दोन दारं तिने केली. एकीने सांगितलं, पाहुणे येणार आहेत, मग बघू. दुसरीच्या सासूला दिसत नव्हतं, ऐकू मात्र छान यायचं. ती आतून म्हणाली, "कचकचीतवाली आली का गं?" सुनेने तिला दबक्या आवाजात गप्प केलं आणि धाकटीकडे बघून म्हणाली, त्यांचं मनावर घेऊ नका, त्यांना दातच नाहीत.

दात नसलेल्या बाईलाही कळतंय, असा त्याचा अर्थ होत होता.

त्या संध्याकाळी नवराबायको जेवायला बसली. पहिलाच घास चावताना तिच्या दाढेखाली बारीक काहीतरी मोडलं. कच्. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फार हळू चावत होता, एका बाजूने, जणू आतलं कुणाला ऐकू जाऊ नये. मग तिच्या ध्यानात आलं की तो कितीतरी दिवस असाच जेवतोय. आणि तीही. दोघं एकमेकांपासून आवाज लपवत एकच दगड खात होते. तिने आमटीचं पातेलं पुढे केलं. ओलं असलं की कमी वाजतं.

भिंतीपलीकडच्या घरात तेच पीठ जात होतं. भावाचीच गिरणी, दुसरीकडे कोण दळणार? जाऊबाई दळण देताना डबा दारात ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. पैसे मात्र झाकणावर ठेवायच्या. ते परत दिले की पुन्हा झाकणावर. पीठ कसं लागतं याबद्दल त्यांनी एकदाही भांड्याशी चकार शब्द काढला नव्हता. बाकी सगळ्या जगाबद्दल कुरकुर होती, मीठ, लांब राहणारे सून-मुलगा, गुडघा, शाळेतले मास्तर. पिठाबद्दल नाही. धाकटीला आधी वाटायचं, त्यांच्या वाटणीचं बरं निघत असेल. मग तिला भीती वाटायला लागली, की बरं निघत नाही म्हणूनच त्या बोलत नसतील.

पेढीचा हप्ता चुकला तो या सुमाराला. आधीचे कसेबसे गेले होते, खुरपणीच्या मजुरीतून, गिरणीतल्या वजनकाट्याच्या विक्रीतून. आता विकण्यासारखं राहिलं नव्हतं आणि जे होतं त्यावर पेढीचं नाव होतं. वसुलीवाला दुचाकीवरून आला. तरणा होता, नम्र होता, बूट बाहेर काढून आत आला, आणि याचीच भीती वाटायची. त्या वेळी गिरणी घरघरत होती, कारण ती भाऊजींच्या येण्याची वेळ होती. तो छपराच्या दारात उभा राहून ऐकत राहिला. मग म्हणाला, धंदा तर जोरात दिसतो, काका. मी आलो की दरवेळी चालूच असते. मग कशाचं अडतंय?

पिठ्याने चक्रावर हात ठेवला होता. तो चक्र घट्टही करेना आणि सैलही करेना. म्हणाला, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून भरतो.

वसुलीवाल्याने मान हलवली. तो वरच्या तोंडात डोकावला असता तर प्रश्नच मिटला असता, पण यंत्राच्या तोंडात डोकावायचं त्याला शिकवलेलं नव्हतं. तो बूट घालून गेला, आणि पेढीने त्या महिन्याचा हप्ता जामीनदाराच्या पगारातून कापून घेतला.

शाळेच्या कारकुनाने भाऊजींना बोलावलं आणि मास्तरांच्या देखत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाहेर आले आणि घंटा दिली. त्या दिवशी ती वेळेआधी वाजली. मुलं खूश झाली. नोकरीत पहिल्यांदा त्यांच्या हातून असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे परात घासली जात होती, आणि जाऊबाई आवाज चढवून बोलत होत्या, म्हणजे आता त्या फक्त परातीशी बोलत नव्हत्या.

"सकाळी चालते, दुपारी चालते, दिवे लागेपर्यंत चालते. गावभर आवाज. मग पैसा जातो कुठं? आमच्या खाटेखाली तर येत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याने भरायचं नाही, आणि ज्याने मुकाट सही केली त्याचा पगार कापायचा."

धाकटी चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. धूर डोळ्यांत जात होता, जाऊ दिला. इतके दिवस तिला वाटत होतं की आवाजाने घराची अब्रू झाकली जातेय. आता तिच्या ध्यानात आलं की तोच आवाज रोज उठून दारोदार साक्ष देत होता. आता बुडालेले म्हणून लोक कीव करणार नव्हते. लबाड म्हणणार होते. सगळा गाव ऐकत होता की ही माणसं कमावतात आणि थोरल्या भावाच्या पगारावर पाय पसरतात. बुडालो म्हणावं तर थोरल्याची झोप जाते, गप्प बसावं तर चोर ठरतो. आणि मधे म्हैस गेली ती गेलीच.

परात थांबली. मग हलक्या आवाजात, जो खरा परातीसाठीच होता, जाऊबाई म्हणाल्या, "काल दाढेचा तुकडा पडला यांच्या. घासात. हातरुमालात बांधून ठेवला, मला दाखवला नाही. आणि सकाळी म्हणतात, दळण तिकडंच दे."

धाकटीने ते ऐकलं. मागच्या छपरात टाकीचा आवाज एकदम बंद झाला. म्हणजे त्यानेही ऐकलं. थोड्या वेळाने टाकी पुन्हा सुरू झाली, टक टक टक, पण दगडाच्या एकाच जागी.

त्या दिवशी ती खुरपायला गेली, परत आली, डबा घेऊन फिरली. कुठेही दळण मिळालं नाही. एका घरी मिळता मिळता राहिलं. घरातल्या बाईने डबा भरलासुद्धा, मग तिची मुलगी कानात काही बोलली आणि बाईने डब्यातले गहू पुन्हा पोत्यात ओतले, धाकटीच्या समोर. ओतताना काही दाणे अंगणात सांडले. धाकटीने सवयीने खाली बसून ते वेचून दिले.

रिकामा डबा डोक्यावर घेऊन ती घराकडे आली. रिकामा होता म्हणून हातात धरला असता तरी चाललं असतं, पण चुंबळ डोक्यावर होती आणि हात उचलायचा कंटाळा आला होता. लांबूनच घरघर ऐकू आली.

भाऊजी आले होते. आज ते घरी न जाता थेट आले होते, खाकी कपड्यांत, टोपी मांडीवर ठेवून उपड्या डब्यावर बसले होते. डावा गाल सुजला होता. पिठ्या त्यांच्याकडे पाठ करून यंत्रापाशी उभा होता. तो आधी भावासाठी गिरणी चालवायचा. आज भावाशी बोलावं लागू नये म्हणून चालवत होता, हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

भाऊजी काहीतरी बोलले. घरघरीत ते बुडालं. पिठ्याने ऐकलं नाही, की ऐकलं नाही असं दाखवलं. भाऊजींनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, त्यांच्या वतीने घंटा ओरडायची. त्यांना ते जमेना. गाल धरून, मान पुढे काढून ते ओरडले, "म्हटलं, पैसे जातात कुठं?"

आणि ओरडल्यावर स्वतःच ओशाळले. टोपी उलटी केली, सुलटी केली.

"मी मागत नाही," ते त्याच आवाजात म्हणाले, कारण खाली आणला तर ऐकू गेला नसता. "कापले तर कापले. मला नुसतं सांग. घरी विचारतात. मी काय सांगू?"

पिठ्या वळला नाही. त्याचा हात चक्रावर गेला आणि त्याने चक्र आणखी आवळलं. मोटार कण्हली. जळका वास छपरात भरला. गिरणीच्या कापडी बाहीच्या तोंडातून पोत्यावर राखाडी भुकटी पडत होती, थोडी थोडी, चुलीतल्या राखेसारखी. भाऊजींची नजर तिच्यावर गेली. ते पाहत राहिले. त्यांना कळत होतं की नव्हतं, सांगता येत नाही. पुष्कळदा माणसाला कळलेलं असतं, पण कुणीतरी म्हटल्याशिवाय तो ते उचलत नाही. दारात पडलेल्या दुसऱ्याच्या वस्तूसारखं.

पिठ्याची मान तेवढी हलत होती. धाकटीने पुढे होऊन पाहिलं. त्याच्या गालांवरच्या पांढऱ्या भुकटीत दोन ओल्या रेघा होत्या आणि तो चक्र फिरवतच होता. आता ते फिरत नव्हतं, दगड पुरते भिडले होते, तरी तो जोर लावत होता. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

तिने डबा खाली ठेवला. भिंतीवरच्या बटणापर्यंत गेली आणि ते बंद केलं.

पट्टा दोनचार वेळा फटफटला. दगड फिरत राहिले, हळू, आणखी हळू, आणि शेवटी घशात अडकल्यासारखा आवाज करून थांबले. मग जी शांतता झाली ती इतक्या महिन्यांत छपराला माहीत नव्हती. पत्रा थंड होताना मधेच टिक् करून वाजत होता. पिठ्याने चक्र सोडलं. त्याचे हात सुटल्यावरही तसेच वाकडे राहिले. भाऊजी डब्यावरून अर्धे उठले, आणि पुरते न उठता तसेच राहिले.

भिंतीपलीकडे पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बांगड्या वाजल्या, अगदी जवळ, विटेच्या त्या अंगाला.

"का गं?" जाऊबाई भिंतीतून म्हणाल्या. आज त्यांच्यापाशी भांडं नव्हतं. "आत्ता तर चालू होती. बंद का झाली?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं.  तिने पदराने तोंडावरची भुकटी पुसली, भिंतीजवळ गेली, आणि त्या घराला, या घराला आणि मागच्या गल्लीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मोकळीच होती, जाऊबाई. हंगाम बुडाल्यापासून गिरणी मोकळीच चालते. भाऊजींना ऐकू जावी म्हणून चालवतो, आणि आपण सगळे दगड खातोय."